नार्दूचा पहिला मार्च

नार्दूला कशाचाही हेवा वाटायचा नाही, एक चेन्सू सोडला तर. पण तो एक हेवा त्याने असा जपला होता की दुसऱ्या कुणासाठी जागाच उरली नव्हती.

माल्टातलं ते गाव दोन बँड क्लबांत उभं चिरलेलं, लाल आणि निळा. नार्दू लालचा, चेन्सू निळ्याचा. दोघे एका बाकावर शिकले, दोघांनी आपापल्या क्लबात कॉर्नेट हे फुंकायचं पितळी वाद्य वाजवलं आणि दात गेल्यावर दोघे नकलनवीस झाले. म्हणजे मिरवणुकीत वाजवायचा सुरावटीचा तुकडा, मार्च, कुणी रचला की प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा काढून, वाद्यावर अडकवायच्या छोट्या कार्डावर छापायचा. चेन्सूची कार्डं सुबक. चेन्सूला क्लबात पंख्यासकट स्वतंत्र खोली. नार्दूला बारमागचा कोपरा, जिथे तळणाचा वास कागदाला लागायचा. "माझी कार्डं वाचतात कमी, हुंगतात जास्त," असं तो हसून म्हणायचा आणि घरी येऊन जळफळायचा.

त्या वर्षी मात्र दिवस फिरले. आयुष्यभर दुसऱ्यांचे मार्च उतरवलेल्या नार्दूने स्वतःचा मार्च रचला आणि कमिटीने तो जत्रेच्या मिरवणुकीसाठी चक्क मंजूर केला. चेन्सूने जन्मात मार्च रचला नव्हता. नार्दूला पाव गोड लागायला लागला.

आणि जत्रा तोंडावर आली असताना त्याचा कॉम्प्युटर मेला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी की बनवणाऱ्यांनीच तिला कधीचं वाऱ्यावर सोडलं होतं. मार्च पेनड्राइव्हवर शाबूत होता, पण स्वरलेखनाचा तो जुना प्रोग्रॅम मुलीच्या नव्या लॅपटॉपवर सुरूच होईना. 'या मशीनवर चालणार नाही' एवढं सांगून खिडकी बंद व्हायची.

"चेन्सूकडे जा," बायको जोवान्ना म्हणाली. "तोही हाच प्रोग्रॅम वापरतो, आणि त्याचं नव्या मशीनवर चालतं. त्याच्या बहिणीनेच सांगितलं."

"निळ्याच्या घरी? माझा मार्च घेऊन?"

"मग नको जाऊस. लोक शिट्ट्यांवर मिरवणूक काढतील!"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. नार्दूचं दुःख हे की चेन्सू गाढव नव्हता.

दुपारी गाव झोपलेलं असताना तो भिंतीच्या सावलीतून, चोरासारखा गेला. चेन्सूने दार उघडलं, पेनड्राइव्ह पाहिला आणि समजला. "ये आत. लवकर, समोरची म्हातारी जागी असते."

त्याने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात आख्खा जुना कॉम्प्युटर वसवला होता. एक खिडकी उघडली आणि तिच्यात ती जुनी सिस्टीम, तो जुना प्रोग्रॅम, जसाच्या तसा. नार्दूला आधी आनंद झाला आणि लगेच पोटात दुखलं. हेही यालाच सुचावं!

"वाजवून बघू?" चेन्सूने विचारलं.

"खबरदार! जत्रेआधी निळ्याच्या घरात माझा मार्च वाजणार नाही."

"बरं बाबा." चेन्सू पडद्यावरचे स्वर नुसते वाचत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, "हा दुसऱ्या क्लॅरिनेटचा भाग बघ. या वाद्याचे स्वर एक सूर वर लिहावे लागतात ना? नव्या मशीनवर प्रोग्रॅम एखाद्या भागात ते विसरतो. माझंही झालं होतं. असंच छापलंस तर सगळं एक सूर खाली वाजेल. एक टिचकी मारतो."

"हात लावू नकोस!"

"अरे, चूक आहे."

"माझी आहे ना? मी घरी बघीन. तू छाप."

चेन्सूने छापलं. कार्डं शर्टात कोंबून नार्दू परतला. घरी त्याने ती कापली, चिकटवली, पण दुसऱ्या क्लॅरिनेटच्या कार्डाकडे नीट पाहिलं नाही. आपला मार्च बिघडवायचा हा निळ्याचा डाव, असं त्याने मनाला सांगितलं. मनाने ते मानलं नाही. खरी भीती वेगळी होती. चेन्सू बरोबर निघाला असता तर? मग मार्चात त्याचं बोट राहिलं असतं, जन्मभर.

तालमीत काही कळायचं कारण नव्हतं. क्लबाचे स्वतःचे वादक पहिलं क्लॅरिनेट वाजवायचे. दुसऱ्या क्लॅरिनेटचा भाग सगळा भाड्याच्या वादकांचा, आणि त्यांना तालमीला बोलवायची पद्धतच नव्हती. काल निळ्यात वाजवून आलेला माणूस उद्या मार्च तिकडे गुणगुणायचा! ते थेट मिरवणुकीत कार्ड बघून वाजवत.

जत्रेच्या सकाळी मार्च सुरू झाला. पहिल्या काही ओळींवर लोक डोलले, जोवान्नाचे डोळे भरले. मग दुसरी क्लॅरिनेटं शिरली आणि सगळ्यावर विरजण पडलं. भाड्याचे वादक बिचारे कार्डावरचं अचूक वाजवत होते. वाजवताना एकमेकांकडे बघत होते. निळ्या क्लबाच्या गच्चीवरून शिट्ट्या सुरू झाल्या. त्या गर्दीत चेन्सूही उभा होता. तो शिट्टी वाजवत नव्हता. खाली बघत होता.

बँडमास्तरने मार्च मध्येच थांबवून गेल्या वर्षीचा लावला.

संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, "नार्दू, छापण्याआधी कुणाला तरी दाखवायचंस रे. एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही?"

"नाही," नार्दू म्हणाला.

"निळ्यांनीच काहीतरी केलं असणार," ढोलवाला गुरगुरला. "तो चेन्सू एक नंबरचा लबाड!" सगळ्यांनी माना डोलावल्या. नार्दूने ग्लासात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या रांगेत चेन्सू नेमका पुढे. आता हिणवणार, चारचौघांत सांगणार, म्हणून नार्दूने अंग आवळलं. मनातून त्याला तेच हवं होतं, म्हणजे हिशेब फिटला असता.

चेन्सू जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मार्च चांगला आहे रे तुझा. मी वाचलाय. मला नसता जमला." आणि पाव काखोटीला मारून निघून गेला.

नार्दू पाव न घेताच घरी आला. जोवान्नाने विचारलं, "काय म्हणाला तो? बोलला का काही लागट?"

"लागट बोलला असता तर बरं झालं असतं," नार्दू म्हणाला. खोली, पंखा, सुबक कार्डं, या सगळ्यांचा हेवा करता करता त्याचं आयुष्य गेलं होतं. आता त्या माणसाच्या चांगुलपणाचाही हेवा करायचा होता, आणि हा जड जाणार होता.