उमरग्याच्या चौकातला फ्लेक्स

उमरग्यात प्रोग्रॅमिंग करणाऱ्या पोरापोरींचा मेळावा भरवायचा म्हणून मी पुण्यातल्या कंपन्यांना मेलवर मेल पाठवत होते. प्रायोजक व्हा म्हणून किती विनवायचं? महिनाभर कुणी साधं 'नाही'सुद्धा कळवलं नाही. माझं डोकंच फिरलं होतं. अन् एका दुपारी एका कंपनीतल्या मॅडमचा फोन आला, "हॉल आणि जेवण आमच्याकडून. फक्त आमचा लोगो ठळक दिसू द्या." मी अंगणात नाचलेच!

त्या आनंदात आम्ही आमच्या रीतीनं हायवेच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. मधोमध इंटरनेटवरून शोधलेला मॅडमचा हसरा फोटो, खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून आमची अकरा तोंडं.

मेळाव्याच्या सकाळी मॅडम गाडीतून उतरल्या आणि फ्लेक्सकडं बघतच राहिल्या.

"लोगो कुठंय?"

लोगो राहिला बाजूला, कंपनीचं नावसुद्धा आम्ही टाकलं नव्हतं.

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "याच्यासमोर माझा फोटो काढा, आईला पाठवायचाय. लोगो पुढच्या वर्षी लावा."

पुढच्या वर्षी! त्या आनंदात माझे पहिले तीन फोटो हललेच.