झिंग्यांचा श्रावण

हे मुंबईहून कायमचे परत आले तेव्हा बरोबर कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि एक काचेची पेटी. पेटी त्यांच्या कंपनीच्या ऑफिसातली, मासे ठेवायची. कंपनी बंद पडली, सामान ज्याला हवे त्याने उचलले, तर ह्यांनी नेमकी ती आणली. एखादी खुर्ची तरी आणायची, असे मी म्हटले, पण मनात. तोंडावर बोलायची मला सवय नाही, म्हणून तर हे असे लिहीत बसते.

मालकाने सांगितले होते, दुसरीकडे नवीन कारखाना काढतोय, माणसे लागली की फोन करतो. हे त्या फोनवर जगत होते. फोन वाजला की भरल्या ताटावरून उठायचे आणि परत येऊन बसायचे ते गार भातासमोर. आमच्या इथे रत्नागिरीत त्यांच्या वयाच्या माणसाला दुसरे काम कोण देणार? तो फोन यावा असे मलाही वाटत होते. हा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला मला बघवत नव्हता.

पेटीने थोडे बरे झाले. त्यांनी तळाला खडी घातली, जांभ्याचा एक भोकाभोकांचा चिरा ठेवला आणि संगमेश्वराकडे गावी जाऊन घराखालच्या पऱ्यातून झिंगे धरून आणले. आमच्याकडे बारक्या ओढ्याला पऱ्या म्हणतात. त्यातली ही गोड्या पाण्याची कोळंबी. अंग काचेसारखे, पोटात काय चालले आहे तेही दिसते. पुढे दोन लांब नांग्या.

त्यांना मी सुकट चुरून घालायचे. शेजारच्या वहिनी बघायला आल्या आणि हसल्या.

"काय वो भावजी, सुकट म्हणजे वाळवलेली कोळंबीच ना? नात्यातलंच कोणीतरी खायला घालताय!"

"लांबच्या नात्यातलं आहे, वहिनी. समुद्राकडचं," हे म्हणाले आणि स्वतःच हसले. ते हसताना मी खूप महिन्यांनी बघितले.

मग श्रावण आला. दरवर्षी आम्ही त्या महिन्यात मासे खात नाही, पण सुकटीचा डबा वरच्या फळीवर असतो. यंदा ह्यांनी तोही घरात ठेवला नाही, शेजारी नेऊन दिला.

"शंकराला बोललोय मी. कडक पाळणार. श्रावण संपायच्या आत फोन येतो की नाही बघ तू."

"आणि झिंग्यांना काय घालू?"

"भाजी घाल. एका घरात राहायचं तर एकच नियम."

मी पालक उकडून घालू लागले. ते खायचे, पण त्यांचे वागणे बदलले. पानाला सोडून एकमेकांना ढकलायचे, नांग्या उगारायचे. एकाचा पाय गेला, दुसऱ्याची नांगी. मग एके सकाळी मला चिऱ्याजवळ कात दिसली. झिंगा वाढतो तसा जुने कवच टाकतो. डोळ्यांच्या जागा, मिशा, सगळे त्या कातीत असते, फक्त झिंगा नसतो. नवे कवच कडक होईपर्यंत त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते, म्हणून तो भोकात लपून राहतो. पूर्वी बाकीचे त्याला राहू द्यायचे. आता तिघे भोकाच्या तोंडाशी टपून होते. त्यांनी त्याला ओढून काढले आणि पोटाकडून खायला सुरुवात केली. त्याच्या मिशा अजून हलत होत्या.

"अहो, थोडीशी सुकट मागून आणू का?"

"माझा नवस मोडायचाय तुला?"

पुढे कात दिसली की समजायचे, एक गेला. वाढायला लागला तो संपला, असेच ठरल्यासारखे झाले. मी कात बोटाने उचलून टाकायचे आणि कोण गेला ते शोधायचे.

एक मादी होती, पोटाखाली अंडी घेऊन फिरणारी. हे तिला पोरवाली म्हणायचे. अंडी सुटली आणि मागोमाग तिने कात टाकली. दुपारची वेळ होती. हे पेटीसमोरच बसले होते, मांडीवर फोन. त्यांनी बोटाने काचेवर टकटक केले, पाण्यात हात घातला, पण तोवर दोघांनी तिला भोकात शिरायच्या आतच धरले होते.

ह्यांनी ओला हात लुंगीला पुसला. फोन जमिनीवर ठेवला आणि उठून शेजारी गेले. वहिनींचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"आज मध्येच डबा, भावजी? श्रावण संपला की काय?"

"आमचा संपला."

परत आले, सुकट चिमटीत चुरली आणि पाण्यात सोडली. चिऱ्यामागून एक लंगडा झिंगा धावत आला. मादीला धरलेल्या दोघांनी तिला सोडले नाही. मी जे मागितले होते ते झाले होते, आणि मला भीती वाटत होती.

संध्याकाळी फोन वाजला. मी स्वयंपाकघरातून धावत जाऊन तो हातात घेतला, वाजता वाजताच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलेसुद्धा नाही.

"वाजू दे."

वाजून वाजून तो थांबला. नंतर मी नंबर बघितला, गॅसवाल्याचा होता. पण ह्यांना ते माहीत नव्हते.