थांबा मॅडम

मॅडम "थांबा!" म्हणाल्या की आमचा हात जागच्या जागी गोठायचा. भंडाऱ्याच्या कॉलेजात ऐंशी सालाच्या आसपास आम्ही रसायनशास्त्रात संशोधन करणारे पाच जण होतो, आणि आमची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या या प्राध्यापिकेचं नाव आमच्यात पडलं होतं थांबा मॅडम.

पिपेटच्या काचेच्या नळीतून अ‍ॅसिड तोंडानं ओढण्यात आम्हाला फार मर्दुमकी वाटायची. तोंडाऐवजी नळीला लावायचा रबरी फुगा वापरणाऱ्याची आम्ही टर उडवत असू. एकदा पवनीची बस उशिरा आली, मी घाईघाईत ओढलं आणि घोट थेट जिभेवर. मॅडमनी मला मानेला धरून नळाखाली उभं केलं, पाव तास. मग म्हणाल्या, "काहून रे बाबू, तोंड जेवाले देलं हाय का अ‍ॅसिड प्याले?" दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक फुगा ठेवला.

मॅडम साकोलीच्या. शिकवताना भाषा पुस्तकी, पण संतापल्या की समोर प्राचार्य असले तरी गावचीच बोली.

त्या वर्षी विषारी वायू बाहेर फेकणाऱ्या काचेच्या कपाटाचा पंखा बंद पडला. माझं काम ब्रोमीनवर, प्रबंधाची मुदत तोंडावर. विभागप्रमुख सर म्हणाले, "खिडक्या उघडा आणि उरका." मॅडमनी सरळ प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. प्राचार्यांनी बोलावलं, तर म्हणाल्या, "पंखा लागन तवाच कुलूप निघन. मले काढा का ठेवा." मी मनातून त्यांच्यावर चिडलो होतो, हे कबूल करतो.

त्यांना प्रयोगशाळेतून खरंच काढलं. अकरावीच्या वर्गांवर पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सरांनी ऑफिसातल्या जादा किल्लीनं कुलूप उघडलं. पंखा तसाच मेलेला. "चला आत," सर म्हणाले. कोणी हललं नाही. सगळ्यात जास्त अडलं होतं माझं, आणि बोललो मीच, "पंखा लावा सर, मग येतो." सर नाही नाही ते बोलले. आम्ही पाचही जण व्हरांड्यात बसून राहिलो, रोज, चार महिने. माझी पदवी वर्षभर लांबली. मला त्याची खंत नाही.

पंखा बसला त्या दिवशी मी धावत अकरावीच्या वर्गाच्या दारात गेलो. "मॅडम, लागला पंखा!"

त्यांनी फळ्यावरचा खडू थांबवला. हसल्या नाहीत.

"चालू करून पाह्यला काय?"

नव्हता पाहिला. मी आल्या पावली परत पळालो.