तुंगार्लीचा सत्कार, वडिवळ्याचं खळं

शनिवारी लोणावळ्याला जाऊ नका, हे मी या ब्लॉगवर इतक्यांदा लिहिलंय की आता मीच शनिवारी निघाले म्हटल्यावर तुम्ही हसाल. पण सत्काराचा दिवस माझ्या हातात नव्हता. आमच्या जुन्या डायरेक्टरसाहेबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती आणि तुंगार्लीतल्या त्यांच्या बंगल्याच्या हिरवळीवर कार्यक्रम होता.

"तुला जायची काय गरज?" विजय, म्हणजे माझा नवरा, म्हणाला. "तिथनं येशील आणि आठवडाभर धुमसत बसशील."

"ते काय बोलतात ते ऐकायचंय," मी म्हटलं.

नेहमीच्या वाचकांना मी किल्ले आणि मिसळ यांच्यासाठीच ठाऊक आहे. निवृत्तीआधी मी लष्करासाठी काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. अंतराळातलं वातावरण उपग्रहाचं काय करतं, हा माझा विषय. लोकांना वाटतं वर काहीच नाही. तसं नसतं. सूर्यावर वादळ उठलं की विजेने भारलेल्या कणांचे लोंढे येतात. थंडीत सिंथेटिक स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसंच काहीसं, पण फार मोठ्या प्रमाणावर. ऊन-थंडीपासून जपायला उपग्रहावर सोनेरी पापुद्र्यांचं पांघरूण असतं. त्यावर विजेचा भार साठत जातो आणि एका क्षणी ठिणगी पडते. ती आतल्या यंत्रणेत शिरली की उपग्रह मुका.

मी त्या पांघरुणाचे तुकडे निर्वात टाकीत ठेवून त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचे आणि काचेच्या झरोक्यातून बघायचे. आत निळ्या रेघा चमकायच्या. दिसायला फार देखण्या. एका उपग्रहाच्या वेळी त्या इतक्या दिसल्या की मी बैठकीत उठून सांगितलं, पांघरुणाचा प्रत्येक तुकडा सांगाड्याशी तारेने जोडा म्हणजे भार साठणार नाही, त्याशिवाय उडवू नका. त्यासाठी उड्डाण पुढे ढकलावं लागणार होतं. "साहेब, अंतराळ रिकामं नाहीये, तिथे हवामान आहे," मी म्हणाले. साहेब हसले. "सुनीताबाई, आपण लष्करात आहोत, हवामान खात्यात नाही." सगळे हसले.

उपग्रह तारा न जोडताच वर गेला. पुढे एका सौर वादळात तो गप्प झाला तो झालाच. चौकशीत 'कारण निश्चित करता येत नाही' असं ठरलं. माझी बदली रंग तपासायच्या विभागात झाली. नंतरच्या उपग्रहांना मात्र गुपचूप तारा लागल्या. आणि हे सगळं गोपनीय, त्यामुळे घरीसुद्धा बोलायची सोय नव्हती. विजयलासुद्धा इतकी वर्षं एवढंच माहीत होतं, की ऑफिसात काहीतरी बिनसलंय.

असो. रस्त्याचं सांगते. द्रुतगती मार्गावर शनिवारी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, म्हणून मी जुना महामार्ग धरला. वडगावच्या पुढे दोन्ही बाजूंना भातकापणी चालली होती. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपाशी नेहमीची कोंडी. तुंगार्लीकडे वळलं की एकदम शांत. राहायला तळ्याजवळचं एक घरगुती ठिकाण घेतलं. शनिवार-रविवार भाव दुप्पट, भिंतींना ओल, पण चहा फक्कड आणि मालकीणबाई चौकशा न करणाऱ्या.

संध्याकाळी हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या, नातवंडं, जुने सहकारी. मी तिसऱ्या रांगेत बसले. साहेब अजून ताठ आहेत, आवाजही खणखणीत. आधी सगळं गोडगोड बोलून झालं. मग म्हणाले, "आता निवृत्त माणूस आहे, एक गोष्ट सांगून टाकतो."

आणि त्यांनी माझी गोष्ट सांगितली.

निर्वात टाकी, निळ्या रेघा, बैठक, सगळं. "मी टेबलावर हात आपटला," साहेब म्हणाले, "आणि म्हटलं, अंतराळ रिकामं नसतं, तिथे हवामान असतं! तारा जोडल्याशिवाय हे उडवायचं नाही! पण वरच्यांनी ऐकलं नाही. थट्टा केली माझी." त्यांच्या गोष्टीत थट्टा करणारे होते वरच्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, आणि ते आता हयात नाहीत. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. त्या बैठकीला हजर असलेले दोघं माझ्या पुढच्याच रांगेत होते. तेही उभे राहिले. मी बसूनच राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "गुडघे दुखतायत का?"

सकाळी साहेब तळ्यावर फिरायला जातात हे मला माहीत होतं. मी त्यांना तिथे गाठलं. पाण्यावर धुकं होतं, कडेला बदकं. तुम्ही गेलात तर ही वेळ चुकवू नका. उन्हं वर आली की सेल्फीवाले येतात.

"साहेब, काल ती गोष्ट सांगितलीत. ते वाक्य माझं होतं."

"कुठलं?"

"हवामानाचं. थट्टा तुम्ही केली होतीत."

ते थांबले. माझ्याकडे नीट बघत, अगदी सौम्यपणे त्यांनी विचारलं, "तुम्ही होतात त्या बैठकीला?"

आयुष्यभर मी नमुने तपासले. तडा कुठे आहे ते मला दिसतं. त्या चेहऱ्यावर तडा नव्हता. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. ज्याने तुमची आठवणच उचलून आपल्या घरात मांडली आणि रोज पुसून लख्ख ठेवली, त्याला काय म्हणायचं?

"चला, चहा घेऊ," ते म्हणाले आणि मी मुकाट्याने मागोमाग गेले. बंगल्यावर पोचताच त्यांना कुणाचा तरी फोन आला. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीच स्टूल दिलं. आलं किसता किसता त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही का उठला नाहीत काल, ते मला कळलं."

मी स्टूल पुढे ओढलं.

"त्या दिवशी हे घरी आले ते तणतणतच. एक बाई भर बैठकीत मला हवामान शिकवते म्हणाले. जेवलेसुद्धा नाहीत. तुमचं नाव मला तेव्हापासून पाठ आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की हे घडलं होतं. "मग काल तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काल वाढदिवस होता त्यांचा."

"आज सांगाल?"

त्यांनी गॅस बारीक केला. "नाही," त्या म्हणाल्या. "मला यांच्याबरोबर राहायचंय."

चहा पिऊन निघाले. दुपारचं जेवण होतं, बासुंदीचा बेत होता म्हणे. थांबले नाही.

परतीच्या वाटेवर वडिवळं आधीच ठरवलेलं होतं. कामशेतला महामार्ग सोडायचा आणि रेल्वेच्या पलीकडे जायचं. रस्ता अरुंद आहे, पण छोटी गाडी आरामात जाते. (टाकवे बुद्रुकला जायचं असेल तर मात्र कान्हे फाट्यावरून वळा.) धरणाचं पाणी, मागे डोंगर आणि हवेत इंद्रायणी तांदळाचा वास. एका खळ्यावर झोडणी चालली होती. मी फोटो काढायला उतरले आणि कॅमेरा हातात धरून तशीच उभी राहिले. पेंढ्या आपटणाऱ्या मावशींनी हाक मारली.

"ताई, कुटनं आल्या? बरं न्हाई का वाटत?"

"लोणावळ्यावरनं. बरी आहे."

"बरं वाटणाऱ्या मानसाचं तोंड आसलं नस्तं. बसा हितं."

त्यांनी तांदळाची भाकरी, ठेचा आणि कांदा पुढे केला. सकाळपासून पोटात फक्त चहा होता. खाता खाता मी सगळं सांगून टाकलं, उपग्रह, ठिणगी, साहेब, वहिनी, सगळं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "त्यो वर फिरणारा डबा पडला का कुनाच्या डोस्क्यावर?"

"नाही. वरच आहे, मेलेला."

"आन् तुमी आदीच सांगितल्यालं."

"हो."

"त्याची बायकू खरं बोलली तुमच्याशी. लय झालं की, ताई."

त्या प्रेमाने बोलल्या हे मला कळत होतं. पण मला नाही वाटलं लय झालं. "मावशी, ओट्यापाशी बोलली ती. हिरवळीवर नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "व्हय, त्ये बी खरंच." आणि पेंढी उचलून कामाला लागल्या. निघताना मी तिथूनच नवा तांदूळ घेतला. तुम्हीही घ्या, शहरात इंद्रायणीच्या नावाखाली काहीही विकतात.

घरी पोचले आणि पहिल्यांदाच विजयला सगळं सांगितलं. त्याने तांदळाची पिशवी उचलून आत ठेवली. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला माझाच राग येतो." हे ऐकून जे वाटलं, ते अजून जात नाही. एका ठिणगीने उपग्रह गेला, हे मला माहीत होतं. आमच्या घरात काय काय मुकं झालं, ते मी कधी तपासलंच नव्हतं.

सोमवारी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर सत्काराचे फोटो आले. खाली मजकूर होता, 'ज्यांनी धोका सर्वांआधी ओळखला.' मी लिहिलं, 'त्या बैठकीत हे मी म्हणाले होते. साहेबांनी ते नाकारलं होतं.' सगळ्यांनी वाचलं. ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी, माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या त्या दोघांपैकी एकाचा मला एकटीला निरोप आला, 'तुमचं बरोबर आहे. पण आता कशाला?'

तेव्हा ती बैठक संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात हाच माणूस मला म्हणाला होता, "तुमचं बरोबर आहे, पण आत्ताच कशाला?"

तेव्हा गोपनीय होतं ते आता साहेबांनीच भर हिरवळीवर माइकवरून सांगितलंय. म्हणून मीही इथे लिहिलं. फरक एवढाच, की यात थट्टा करणारा जिवंत आहे.

— सुनीता