आप्पांचा कोंड

मोसमाचे पहिले तीन सामने झाले, तिन्ही हरले, आणि तेव्हापासून आप्पा शिरधनकरांना अन्न गोड लागेना. तीस वर्षं बोटीवर खलाशी म्हणून काढलेला माणूस. परदेशी बंदरांत बास्केटबॉल पाहिला आणि ते खूळ हातखंब्याजवळच्या आपल्या वाडीत घेऊन आला. मुलींचा संघ त्यांनीच उभा केला, मैदानही त्यांनीच. आता चौथा सामना रविवारी. तोही गेला तर स्पर्धेतून बाद, आणि कप्तान असलेली त्यांची लेक वेदिका म्हणत होती, "मग बंदच करूया, आप्पा. कोणाला हौस उरली नाही."

हे ऐकल्यापासून आप्पांच्या पायाला भिंगरी. ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर, आणि येईल त्याला धरून संघाची चिकित्सा. "पळतात बऱ्या. पास चोख. उजवीकडून तर काय घुसतात! मग डावीकडून का नाही जात? तीन सामन्यांत डावीकडून एक बास्केट नाही हो!" ऐकणारा बिचारा दूध घालायला आलेला असे.

सावर्ड्याच्या सामन्यात तर हद्द झाली. वैष्णवीला डावीकडे मोकळी वाट मिळाली, पुढे चिटपाखरू नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडली, "कोंड!" आणि वैष्णवी गर्रकन उजवीकडे वळली, ती थेट समोरच्या तिघींच्या घोळक्यात. आप्पांना वाटलं, हा काही गुप्त डाव असावा. परतताना विचारलं तर वेदिका गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काही नाही ओ, सवय." कोंड म्हणजे नदीतला डोह. सपाट मैदानावर डोह कुठला?

शनिवारी सकाळी आप्पांनी नेहमीसारखं आपलं मैदान झाडलं. डाव्या कोपऱ्यात धूळ जास्त साठते, म्हणून तिथे नेहमीसारखा दोनदा झाडू मारला. मग राहवेना. चेंडू घेतला आणि धापा टाकत स्वतःच डावीकडून निघाले. बास्केटपासून चार पावलांवर चेंडू आपटला तो वर आलाच नाही. फसकन बसला आणि घरंगळत गेला. पुन्हा आपटला, पुन्हा तेच. आप्पा उकिडवे बसले, तळहात फिरवला. जमीन चांगली बोटभर खाली गेली होती.

मैदान सपाट करताना याच उतरत्या कोपऱ्यात मातीचा भराव घातला होता. नऊ वर्षांपूर्वी गवंडी कानीकपाळी ओरडत होता, "एक पावसाळा माती बसू दे, आप्पा, मग चिरे लावू." पण आप्पांना कुठला धीर! मे महिन्यातच चिरे बसवून वर सिमेंट फिरवलं आणि नारळ फोडून मोकळे झाले. मुली हा डोह चुकवायला शिकल्या, आणि तो मनात घेऊन गावोगाव खेळल्या. संघातली खोट शोधत आप्पा वाडीभर हिंडले होते, आणि खोट त्यांच्याच हातची निघाली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेदिका सरावाला आली तेव्हा बाप टिकावाने सिमेंट फोडत होता.

"आप्पा! उद्या सामना आहे!"

"तो तिकडे आहे. तिकडे कोंड नाही. डावीकडून घुसायचं, ऐकलंस?" आप्पांनी घाम पुसला. "नऊ वर्षं तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकीनेही तोंड उघडू नये?"

वेदिकाने टिकाव त्यांच्या हातून काढून घेतला.

"रोज सकाळी तुम्ही ही जागा इतक्या मायेने दोनदा झाडायचात," ती म्हणाली. "कोण सांगणार?"