रोलरमधला काथ्या

रिझ्क आयुष्यभर खजुऱ्यांवर चढला आणि उतारवयात खजुऱ्यांचा भुगा करायच्या मशीनवर बसला. हौस म्हणून नव्हे. कमरेला दोर बांधून चढणारा माणूस एकदा पडला, पाय अधू झाला, की वाळवंटातल्या आमच्या बहरियात त्याला दुसरं काम कोण देणार? सोंड्या भुंग्याने बागा पोखरायला सुरुवात केली तेव्हा बागायतदारांच्या सोसायटीने ते मशीन आणलं. पोखरलेलं झाड कापून त्याचा त्याच दिवशी भुगा केला, तर आतले भुंगे उडायच्या आत मरतात. पण मशीन चालवायला कोणी पुढे येईना. आमच्याकडे खजुरीला आत्या म्हणतात, बापाच्या बहिणीचा मान देतात. आत्याला दात्यांत घालायचं कोणी? रिझ्क हो म्हणाला आणि गावाने त्याचं नाव खाटीक ठेवलं. झाडाला कीड लागली की हेच लोक त्याच्या दारात येऊन गयावया करायचे. मला या लोकांची चीड येते. मी त्यांच्यातलाच आहे, म्हणून जास्तच येते.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मशीन अडलं की रिझ्क मला बोलवायचा. त्या दिवशी निरोप आला तो हाजी मितवल्लींच्या बागेतून. मी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो.

हाजींची मोठी खजुरी कापून, तुकडे होऊन पडली होती. तिच्या बुंध्यापासून हातभरावर मातीची भिंत, आणि भिंतीपलीकडे रिझ्कच्या आईने लावलेली खजुरी. भांडी धुतलेलं पाणी घालून घालून आईने ती जगवली होती. रिझ्क पहिल्यांदा चढला तो तिच्यावर आणि पडला तोही तिच्यावरूनच. तिला त्याने कधी बोल लावला नाही. फक्त तेव्हापासून मान वर करून तिच्या शेंड्याकडे बघणं त्याने सोडलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"घेत नाही. रिकामे रोलर मस्त फिरतात, ओंडका लावला की जागच्या जागी गरगरतात."

"तुझ्यासारखंच झालं की. जेवायला बोलावलं की तरातरा, काम दाखवलं की कंबर धरायची."

एरवी यावर त्याने माझ्या आईबापापर्यंत मजल मारली असती. त्या दिवशी तो भिंतीकडे बघत होता. "लवकर कर. हे भुंगे उडाले तर आधी कुठे बसतील ते तुला सांगायला नको."

हाजी सावलीत चटईवर बसले होते. "आधी चहा घ्या रे. घाईत काम बिघडतं."

"काम बिघडलेलंच आहे, हाजी," मी म्हणालो आणि मशीनखाली शिरलो.

ओंडका आत ओढणारे दातेरी रोलर फिरवणाऱ्या पंपाचं तेल बघितलं. तेल पुरेसं होतं, गळतीही नव्हती. रोलर थांबवायचा दांडा मोकळा होता. पाती धारदार होती. ओंडका अडला की इंजिनाचा आवाज बसतो, इथे तो बसतही नव्हता, म्हणजे इंजिनावर ताण नव्हता. वरचा रोलर खाली दाबणारी एक स्प्रिंग मात्र ढिली सापडली. ती मी चांगली आवळली आणि हात पुसत मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "लाव आता."

रिझ्कने ओंडका लावला. दाते त्यात रुतले, गरगरले आणि चहाच्या चोथ्यासारखा ओला लगदा बाहेर फेकायला लागले. ओंडका बोटभरही आत सरकला नाही.

"काथ्या गुंडाळला असेल," रिझ्क म्हणाला. खजुरीचा काथ्या रोलरच्या टोकांना असा आवळून बसतो की सुरीनेच काढावा लागतो. त्याने मशीन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि हात आत घातला. काथ्याचे पुंजके येत होते, तो मागे टाकत होता. मग एक पुंजका त्याने टाकला नाही. तळहातावर धरून बघत राहिला. अंगठ्याएवढी गुंडाळी होती, सुबक वळलेली. हाताला लागेल ती तशी गुंडाळी तो काढून भिंतीवर ठेवत गेला.

"हे काय?"

"कोष. सोंड्याची अळी झाडाचाच काथ्या अंगाभोवती गुंडाळून झोपते." त्याने एक माझ्याकडे वळवला. टोकाला भोक होतं. आत काही नव्हतं, भुंगा उडून गेला होता. सगळ्यांचं तसंच.

"म्हणजे मशीन..."

"मशीनला काय धाड भरलीय? दाते धरतील कशाला? आत खोडच नाही." मग तो हाजींकडे वळला. "हाजी, हिच्या अंगातून पाणी कधीपासून गळत होतं?"

हाजींनी चहाचा पेला खाली ठेवला. "मागच्या तोडणीच्या आधीपासून. मी माती आणि राख लिंपली होती त्यावर. माझ्या बापाच्या हातची रे ती. आत्याचं दुखणं चव्हाट्यावर कसं मांडायचं?"

"म्हणजे वर्षभर तुम्ही तिची लाज झाकलीत."

एवढंच बोलला. मी त्याच्या जागी असतो तर चटई हाजींच्या अंगावर उलटवली असती. अजूनही ती लिंपलेली माती आठवली की माझं डोकं फिरतं.

रिझ्क लंगडत भिंतीतल्या दरवाज्याने पलीकडे गेला आणि आईच्या खजुरीला कान लावून उभा राहिला. मीही लावला. शेजारच्या खोलीत कोणी सावकाश वाळलेली भाकरी खावी, तसा आवाज येत होता.

"औषध टोचू आपण," मी म्हणालो. "खोड अजून टणक आहे."

तेव्हा त्याने इतक्या वर्षांनी मान वर केली. शेंड्याच्या मधल्या कोवळ्या झावळ्या एका बाजूला कलून लोंबत होत्या. आतला कोंब खाल्ला गेला होता. कोंब गेल्यावर खजुरीत काही उरत नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं.

"दुखलं असतं तर आईने मला हाक मारली असती," तो म्हणाला. "हिला तोंड नाही."

दुसऱ्या दिवशी आईच्या खजुरीला त्याने आणखी कोणाला हात लावू दिला नाही. करवत स्वतः धरली, ओंडके स्वतः लोटत आणले. आत्याला खाटकाकडे नेताना बघायला अर्धं गाव भिंतीवर बसलं होतं. मी मशीनपाशी उभा होतो आणि जन्मात पहिल्यांदा वाटत होतं की आपली दुरुस्ती फसावी, मी आवळलेली ती स्प्रिंग तुटावी, रोलर जागच्या जागी गरगरत राहावेत.

रिझ्कने पहिला ओंडका लावला. दाते त्याच्या टणक अंगात पक्के बसले आणि तो एका दमात सरळ आत गेला. रिझ्कचा हात थांबवायच्या दांड्यावर होता. त्याने दांडा दाबला नाही.

"बघ," तो मला म्हणाला, "काही बिघाड नव्हता."

आणि दुसरा ओंडका आणायला वळला.