मामांचा लांडगा

आमच्या मामांनी आयुष्यात एकही पुस्तक बसून वाचलं नाही. पुस्तक हाती आलं की ते चालू लागत, आणि गोष्ट चांगली निघाली तर सोलापूर सोडून थेट मंद्रूपला पोचत. परत यायचे एसटीनं, कारण तोवर पुस्तक संपलेलं असे.

वेड एकाच लेखकाचं. अमेरिकन. जहाजावर गेला, बर्फात सोनं शोधलं, आगगाड्यांतून फुकट हिंडला आणि चाळिशीत मेला. "त्यानं चाळीस वर्षांत जग बघितलं. मी साठ वर्षांत काय बघितलं बे? पासबुकं." बँकेतून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी त्याची लांडग्याची एक गोष्ट मराठीत आणायला घेतली. बर्फ जमेना, म्हणून भर मे महिन्यात रसवंतीतून बर्फाची लादी आणून तिच्यावर पाय ठेवले. चव्वेचाळीस डिग्रीत हुडहुडी भरलेला सोलापूरचा तो पहिला माणूस. डॉक्टरांनी दोनदा थर्मामीटर बदलला.

बर्फ जमला. लांडगा तपासायला आम्ही सांगोल्याला बिरूआण्णाकडे गेलो. तो पिढीजात मेंढपाळ. मामांनी मेंढरांमधून येरझाऱ्या घालत पाच पानं वाचली. आण्णा तंबाखू मळत म्हणाला, "सायब, ह्यो लांडगा लई आवाज करतोय की. खरा आला की नुसती मेंढरं चरायची थांबत्यात."

"अमेरिकेतला आहे हो," मामा म्हणाले.

"आसंल. पर ह्याला माजं कोकरूबी भ्यायचं न्हाय."

परतीच्या एसटीत जागा असून मामा उभे. "लेखक बरोबर आहे बे. मराठी माझी बँकेची. लांडगा कुठला, अर्ज लिहिलाय मी." तीनशे पानं रद्दीत गेली. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चालणं बंद केलं, तर मामा पलंगाभोवती फिरत लिहू लागले. "मी बसलो की लांडगापण बसतो." फरशीला अशी चाकोरी पडली की मामी तिच्यात पाणी सोडून तुळस लावायच्या विचारात होत्या. चाळीस पानं झाली आणि मामा गेले.

तेराव्यानंतर ती पानं घेऊन मी सांगोल्याला गेलो. मामा गेल्याचं सांगितलं. आण्णानं हातातली मळलेली तंबाखू टाकून दिली. मग म्हणाला, "वाच."

भर दुपार. मेंढरं बाभळीखाली रवंथ करत होती. अठराव्या पानावर लांडगा आला. आण्णानं हात वर करून मला थांबवलं, काठी उचलली, कळपाभोवती एक फेरी मारली आणि परत येऊन बसला.

"हां. वाच आता म्होरं."